चार दरवाजे आणि एक फिरती खुर्ची : लोहगडाच्या व्हीआर कामाच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२५

काम असं आहे : लोहगड व्हीआरच्या, म्हणजे आभासी वास्तवाच्या, डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये आणायचा, आणि तो ज्यांना आता गड चढवत नाही त्यांच्यासाठी. गुडघे गेलेले, चार पायऱ्यांत दम लागणारे, चाकाच्या खुर्चीवरचे. पुण्यातल्या एका विरंगुळा केंद्राने तळमजल्यावरची एक खोली आणि ऑफिसात असते तशी फिरती खुर्ची द्यायचं कबूल केलंय. आम्ही तिघं. मी मूळची आर्किटेक्ट, गेली सहा वर्षं व्हीआरमध्ये. एक छायाचित्रकार मित्र. आणि प्रोग्रॅमिंग बघणारी, आमच्यात सगळ्यात धाकटी.

जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या आठवड्यात सोसायटीतल्या आजोबांनी पेपर दाखवत विचारलं, "यातले सात पाहिलेत मी. उरलेले आता कसे बघू?" तिथून हे सुरू झालं.

बारांतला लोहगड निवडला तो त्याच्या वाटेसाठी. वर जायला एकामागून एक चार दरवाजे आहेत : गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वाट सापासारखी वळत जाते आणि प्रत्येक वळणावर डोक्यावर तटबंदी. शत्रू कितीही त्वेषाने आला तरी वळणावर त्याचा वेग मोडतो, आणि वेग मोडला की तो वरच्या जंग्यांच्या, म्हणजे तटातल्या मारा करायच्या भोकांच्या, माऱ्यात उभा असतो. हत्तीला धडक द्यायला धाव घ्यावी एवढी सरळ जागाच कुठे ठेवलेली नाही. हनुमान दरवाजा सगळ्यात जुना मानतात. नारायण दरवाजा नाना फडणवीसांच्या वेळचा; भात-नाचणी साठवायचं भुयार त्याच्याजवळच आहे.

माझ्या मते लोहगड म्हणजे माथा नव्हे, ही वाट आहे. हेडसेटमध्ये ती कशी आणायची ते अजून सुचलेलं नाही.

९ ऑक्टोबर

पाहणी. पहाटेच्या लोकलने मळवली, भाजे गावातून वर, गायमुख खिंड, लोहगडवाडी. पावसाळा नुकताच संपतोय. गवत छातीपर्यंत, तटावर शेवाळ, पायऱ्यांवरून अजून पाणी झिरपतंय. बघायला सुंदर, पण फोटो घ्यायला एक दिवसही उपयोगाचा नाही. आमच्या पद्धतीत शेकडो फोटोंमधून एकच दगड ओळखून त्याची जागा ठरवायची असते. गवत वाऱ्याने डोललं की सॉफ्टवेअरला प्रत्येक फोटोत नवीन गवत दिसतं. डिसेंबरशिवाय कॅमेरा काढायचा नाही, असं तिघांचं एकमत.

वाडीत एका ओट्यावर पाणी मागितलं, तिथे मावशी भेटल्या. सत्तरी उलटलेली. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून गडावर ताक विकायच्या. डोक्यावर हंडा, कमरेला पेल्यांची पिशवी, दिवसाला कधी दोन खेपा. आता दोन्ही गुडघे कामातून गेलेत.

"बारा वर्सं झाली वर जाऊन," म्हणाल्या. "हितून दिसतो की रोज. पर दिसतो तेवढाच."

काय आठवतं असं विचारलं. मला वाटलं माथ्यावरचं काही सांगतील. त्यांनी पायऱ्या सांगितल्या. कुठली पायरी उंच, कुठली हलते, कुठे हंडा डोक्यावर असताना भिंतीला हात टेकायचा. वही काढून लिहून घेतलं. निघताना म्हणाल्या, "आन शेवटच्या दरवाजातनं आत शिरलं की वारं बदलतं बघ, पोरी. ते घे तुझ्या यंत्रात."

१५ ऑक्टोबर

पद्धत ठरवण्याचा दिवस. दिवसभर वाद.

३६० अंशांचा व्हिडिओ सगळ्यात स्वस्त. कॅमेरा ठेवा, दोन मिनिटं लांब उभं राहा, काम झालं. पण त्यात फक्त मान फिरते, माणूस हलत नाही. तटावरून खाली डोकवायला वाकलात तर सगळा गड तुमच्याबरोबर वाकतो, कारण ते चित्र डोक्याभोवतीच्या गोलाला आतून लावलेलं असतं. ज्या माणसाला गडावर जायचंय त्याला डोकवायचं असतंच. ते नसेल तर टीव्ही बरा.

म्हणून ठरलं ते असं. जवळचा दगड फोटोग्रामेट्रीने, म्हणजे फोटोंतून बांधलेलं खरं त्रिमित मॉडेल. लांबचं सगळं एका मोठ्या घुमटावर रंगवलेलं. दोन डोळ्यांत सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. दोन्हींना किंचित वेगळं दिसतं म्हणून जवळच्या वस्तूची खोली कळते. वस्तू फार लांब गेली की हा फरक उरत नाही. विसापूर, तुंग, तिकोना, पवनेचं पाणी हे सगळं घुमटावर सपाट असलं तरी डोळ्याला फसवणूक जाणवत नाही. गाउशियन स्प्लॅटिंगचा आग्रह धाकटीचा होता. २०२३ मध्ये आलेली ही पद्धत गवत-झाडोरा फार जिवंत दाखवते, पण लाखो अर्धपारदर्शक ठिपके एकमेकांवर रंगवणं बिनतारी हेडसेटच्या चिपला झेपत नाही. तूर्त नको.

संध्याकाळी एक जुनी गोष्ट तिघांनी मिळून वाचली. १९७८ साली एमआयटीतल्या मंडळींनी कोलोराडोतल्या ॲस्पेन गावाचा चालता नकाशा केला होता. गाडीच्या टपावर चार कॅमेरे, मागे एक जादा चाक, आणि त्या चाकाच्या फिरण्यावरून दर दहा फुटांना एक फोटो. चौकातली वळणंही वेगळी टिपलेली. पडद्याला बोट लावून गावात फिरायचं, आणि वाटलं तर तोच रस्ता पानगळीतला सोडून बर्फातला बघायचा. आज यंत्रं कुठल्या कुठे गेली, पण त्यांनी फोटो घड्याळावर घेतले नाहीत, अंतरावर घेतले, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

२० नोव्हेंबर

परवानगी हातात आली. लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडचं संरक्षित स्मारक, त्यामुळे तिवई लावून काम करायचं तर लेखी परवानगी लागतेच. ड्रोन अर्जात मागितलाच नव्हता. तटाच्या वरच्या कडा लांब काठीला कॅमेरा बांधून घेऊ.

३ डिसेंबर

गणेश दरवाजा. मधला वार, गर्दी नाही, आणि सकाळपासून आभाळ भरलेलं. आम्हाला हवं होतं अगदी तसं. ऊन असलं की सावल्या दगडावर छापल्या जातात आणि मॉडेलमध्ये कायमच्या राहतात. मग संध्याकाळचं आकाश दाखवा की सकाळचं, कमानीखाली दुपारी दोनची सावली पडलेली असते.

कामाची रीत : फोकस आणि लेन्स एकदा पक्की केली की हात लावायचा नाही. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर निदान दोन तृतीयांश चढलेला हवा. एकच दगड तीन-चार जागांवरून दिसला पाहिजे. दर थोड्या अंतरावर मापपट्टी ठेवायची, जिच्यावरच्या दोन खुणांतलं अंतर पक्कं माहीत आहे. ती नसेल तर दरवाजा वाड्याएवढा की काडेपेटीएवढा, हे मॉडेलला कळायला मार्ग नाही. माकडं आली की थांबायचं. माणसं आली की नमस्कार करून थांबायचं. सगळ्यांनी समजून घेतलं. एका शाळेच्या पोरांनी तर दहा मिनिटं ओळीत बसून वाट पाहिली.

दरवाज्याच्या आत, भिंतीत, आगळीचं भोक आहे. रात्री दरवाजा लावला की जाड लाकडी आगळ त्यातून ओढून समोरच्या भिंतीत घुसवायची. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. आतून गार आणि कोरडं. बाहेरची कड मात्र गोल, बोट फिरवलं तर कुठे टोचत नाही. किती वर्षं रोज संध्याकाळी आणि रोज सकाळी लाकूड या दगडावरून सरकलं असेल. असं भोक मॉडेलमध्ये हटकून काळा डाग होतं, कारण आत उजेड नसतो. तसं होऊ द्यायचं नाही म्हणून पांढरा कापडी परावर्तक धरून एकट्या भोकाचे ऐंशी फोटो घेतले. मित्र म्हणाला, कोणी बघणार नाही. मला वाटतं, बघतील.

मुक्काम वाडीत. मावशींकडे पिठलं-भाकरी.

४ डिसेंबर

नारायण दरवाजा आणि पुढची वळणाची भिंत पूर्ण झाली, आणि रात्री लॅपटॉपवर बघताना लक्षात आलं की व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायचं कॅमेऱ्याचं सेटिंग, ऑटोवर राहिला होता. एकच भिंत अर्धी निळसर, अर्धी पिवळट. चूक माझी, सेटिंग तपासायची जबाबदारी माझ्याकडे होती. संगणकावर रंग ओढून-ताणून जुळवता येतील, पण बेसॉल्टचा रंग असा सोपा नाही. कोरडा असताना राखाडी, दमट असताना जवळजवळ काळा, जिथे पाणी झिरपतं तिथे तांबूस. तो एकदा बिघडला की दगड प्लास्टिकचा दिसायला लागतो.

उद्या पहाटे परत. आजपासून नियम : दर पन्नास फोटोंना रंगपट्टी धरून एक फोटो.

६ डिसेंबर

पुन्हा घेतलं. जमलं. हनुमान दरवाजा आणि महादरवाजाही झाले.

१२ डिसेंबर

माथा. लक्ष्मी कोठी, सोळा कोनांचं तळं, आणि मग विंचूकाटा. गडाची ही निमुळती सोंड वरून विंचवाच्या नांगीसारखी दिसते म्हणून हे नाव. मुख्य गडावरून तिच्यावर जायला आधी थोडं कातळ उतरावं लागतं. टोकाला वारा इतका की काठीचा कॅमेरा दोघांनी धरावा लागला. खाली एका बाजूला पवनेचा जलाशय. मित्र कॅमेरा विसरून पाच मिनिटं नुसता बसला. मीही.

घुमटासाठीचे फोटो इथूनच घेतले.

१८ डिसेंबर

संगणक चार दिवस चालू आहे. दगड अप्रतिम आलाय. छिन्नीच्या खुणा मोजता येतात.

पाणी मात्र या पद्धतीचं वैरी आहे. चकाकतं, आभाळ दाखवतं, आणि तुम्ही हलाल तसं वेगळं दिसतं. तळ्याच्या जागी मॉडेलने एक वाकडातिकडा खड्डा बनवलाय. काठाचे दगड खरे ठेवून पाण्याचा पृष्ठभाग हाताने बनवणार. तेवढी एकच गोष्ट आम्ही 'बनवलेली' असेल. ती सुरुवातीच्या माहितीत लिहायची.

आगळीचं भोक आतपर्यंत आलंय.

५ जानेवारी २०२६

वजन उतरवण्याचे दिवस. त्रिमित मॉडेल बारीक त्रिकोण जोडून बनतं. एकट्या गणेश दरवाज्याचं तीन कोटी त्रिकोणांचं झालंय, आणि हेडसेटला एका नजरेत काही लाखच झेपतात. त्रिकोण कमी करायचे, आणि गेलेला खडबडीतपणा चित्रात साठवून दगडावर चढवायचा, म्हणजे प्रकाश पडला की खोलगट भाग पुन्हा खोलगट वाटतो. हेडसेट सेकंदाला ७२ चित्रं दाखवतो. म्हणजे एका चित्राला सुमारे १३.९ मिलिसेकंद, तेही दोन्ही डोळ्यांसाठी मिळून. तेवढ्यात चित्र तयार झालं नाही तर मान वळते आणि गड किंचित मागे राहतो. साठीपुढच्या माणसाला त्या झटक्याने गरगरू शकतं, म्हणून इथे सवलत नाही.

इथे एक गोष्ट कळली आणि मी खुर्चीतून उठून दोघांना बोलावलं. आम्हाला चारही दरवाजे एकदम रंगवावेच लागत नाहीत! पहिल्या दरवाज्यातून दुसरा दिसत नाही, दुसऱ्यातून तिसरा दिसत नाही. जी वळणं शत्रूपासून दरवाजा झाकायला घातली, तीच आमच्या हेडसेटवरचं ओझं कमी करतात. वळणाशी आलात की मागचं पुसायचं, पुढचं आणायचं. रायगडासारखा उघडा माथा असता तर हे जमलं नसतं. ज्याने ही वाट आखली त्याला नजर कुठे अडते याचा हिशेब पक्का ठाऊक होता.

१४ जानेवारी

एका प्रायोजकाबरोबर बैठक. काम आवडलं. मग मागणी आली : दरवाज्यात तलवारी घेतलेले मावळे उभे करा, बुरुजावर तोफ उडू दे, भगवा फडकू दे, पडलेल्या भिंती उभ्या करा, म्हणजे 'अनुभव' होईल.

मी नाही म्हटलं. कारण तिथे सांगितलं तेच इथे लिहिते. १६४८ मध्ये हा गड स्वराज्यात आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला, १६७० मध्ये परत आला. पुढे पेशवाईत त्याची मोठी डागडुजी झाली. यातल्या कुठल्या दिवशीचा गड दाखवायचा? त्या दिवशी कोण पहाऱ्यावर होतं, अंगात काय होतं, छत कशाचं होतं, हे आम्हाला ठाऊक नाही, आणि हेडसेटमध्ये दाखवलेली गोष्ट माणूस 'मी पाहिली' असं सांगतो. वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी 'लंडन चार्टर' नावाची तत्त्वं आहेत, २००६ ची, २००९ मध्ये सुधारलेली. त्यांचा गाभाच हा आहे की पुरावा काय आणि अंदाज काय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. अंदाज वेगळा, स्पष्ट सांगून दाखवायला माझी हरकत नाही. आजच्या दगडात तो मिसळायला आहे.

पैसे निम्म्यावर आले. विंचूकाट्याचं टोकापर्यंतचं काम पुढे ढकललं. माझं मत बदललेलं नाही.

२४ जानेवारी

विरंगुळा केंद्रात पहिली चाचणी. अकरा जण.

आधी छोट्या गोष्टी. हेडसेटचा मागचा पट्टा अंबाड्यावर बसतच नाही. तीन आज्यांनी केस सोडून पुन्हा बांधले. अंबाड्याच्या वर-खाली जाणारा दुहेरी पट्टा आणायचा. चष्म्याला जागा राहावी म्हणून हेडसेटमध्ये स्पेसर घालून ठेवायचाच. हातातल्या कंट्रोलरवरची तीन बटणं म्हणजे दोन जास्त आहेत.

आता मोठं. आम्ही फिरायचे दोन प्रकार ठेवले होते. एकात बटण दाबून सरळ चालत जायचं. दुसऱ्यात बोट दाखवाल तिथे उडी. चालण्याच्या प्रकारात दोघांना मळमळलं, एका काकांना तर पाणी देऊन बसवावं लागलं. घाटात एसटीच्या मागच्या सीटवर पेपर वाचताना जे होतं तेच, फक्त उलटं. तिथे डोळे स्थिर आणि कान सांगतो आपण हलतोय. इथे डोळे हलतात आणि कानातला तोल सांगतो तू खुर्चीत बसलायस. दोघांचं पटत नाही, पोट ढवळतं. यंत्र कितीही चांगलं झालं तरी हे भांडण राहतं. मला ते आधीच माहीत होतं. तो प्रकार चाचणीत ठेवायलाच नको होता.

उडीच्या प्रकारात कोणालाच त्रास झाला नाही. पण सगळे दुसऱ्याच मिनिटाला माथ्यावर पोचले. बोट वर केलं, तट दिसला, उडी. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी चार मिनिटांत हेडसेट काढला, नीट घडी घातल्यासारखा मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण चार दरवाजे म्हणाला होतात ना? ते कुठे गेले?"

घरी येईपर्यंत कोणाशी बोलले नाही. चार महिने दरवाजे बांधले आणि त्यांवरून उडी मारायची सोय आम्हीच करून ठेवली.

२७ जानेवारी

उडी काढून टाकली.

नवी रचना. बटण एकच. ते दाबलं की पापणी मिटल्यासारखं क्षणभर काळं होतं, आणि डोळा उघडतो तेव्हा तुम्ही चार पायऱ्या वर असता. चार, जास्त नाही. डोळ्यांना सरकताना काही दिसत नाही म्हणून मळमळ नाही. पण जितक्या पायऱ्या तितका वेळ लागतो. ॲस्पेनच्या गाडीसारखं, अंतरावर मोजलेलं. पायऱ्या जिथे उंच आहेत तिथे दोनच. वळण आलं की यंत्र तुम्हाला वळवणार नाही. खुर्ची पायाने फिरवायची आणि स्वतः वळायचं. तेवढा तरी अंगाला गड लागू दे. प्रत्येक दरवाज्याच्या देवडीत थांबायची जागा. पहारेकरी बसायचे त्याच दगडी कट्ट्यावर बसून आलेली वाट वरून बघायची, मग पुढे.

धाकटीने कडाडून विरोध केला. वर पोचायला वीस मिनिटं लागतील, लोक कंटाळतील, मध्येच काढून ठेवतील. तिचं म्हणणं खोटं नाही. दुकानात विकायचं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण आपल्याकडे येणारी माणसं वेळ नाही म्हणून गड चुकवत नाहीयेत. त्यांच्याकडे वेळच आहे, पाय नाहीत. शेवटी तडजोड : पहिल्यांदा सगळी वाट चढायची, दुसऱ्या वेळेपासून हव्या त्या दरवाज्यापासून सुरू करता येईल.

८ फेब्रुवारी

आवाज. पहाटे पाचला गणेश दरवाज्यात. चार दिशांचा आवाज वेगळा टिपणारा मायक्रोफोन, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपी. प्रत्येक दरवाज्यात एक जोरात टाळी वाजवून तिचा घुमारा टिपला. त्यावरून त्या जागेत कुठलाही आवाज कसा घुमेल ते संगणक काढतो. नारायण दरवाज्याच्या भुयाराशी टाळी जड येते, लगेच विझते. महादरवाज्यात लांबते.

मावशी म्हणाल्या होत्या ते खरं निघालं. वळणावळणाच्या वाटेवर वारा तटाच्या वरून जातो, कानाला लागतच नाही. स्वतःचा श्वास ऐकू येतो. महादरवाजा ओलांडून माथ्यावर आलात की तो एकदम दोन्ही कानांत शिरतो. आधी आम्ही सगळीकडे एकच वाऱ्याची फीत लावली होती. ती काढली. आता खालच्या वाटेवर वारा नाही.

२० फेब्रुवारी

हेडसेट, लॅपटॉप आणि फिरती खुर्ची गाडीत घालून लोहगडवाडी. मावशींच्या ओट्यावर चाचणी. सून, नातू, शेजारच्या चार बायका, सगळे गोळा.

सुरुवातीलाच घोळ. मावशी म्हणाल्या, "मी जमिनीत रुतलेय का गं?" हेडसेट जमीन मोजतो ती अंगणाची, खुर्ची ओट्यावर, आणि त्या बसलेल्या. डोळ्यांची उंची चुकली. बसलेल्या माणसाला उभ्या माणसाची उंची द्यायची असते, आणि ती त्याच्या स्वतःच्या उंचीची. मावशींना विचारलं, त्या नातवाच्या खांद्याला लागतात म्हणाल्या. तेवढी केली. "हां. आता बराबर."

मग चढायला लागल्या. पहिल्या दरवाज्यापाशी थांबून आगळीच्या भोकाकडे वाकल्या आणि हात पुढे केला. हवेतच बोटं आत घातल्यासारखी केली. काही बोलल्या नाहीत. वळणावर खुर्ची फिरवायला पाय लावला, तेव्हा सुनेने पुढे होऊन मदत करायला हात घातला तर म्हणाल्या, "सोड, माझी मी जाते."

नारायण दरवाजा ओलांडून दहा-बारा वेळा बटण दाबलं असेल. थांबल्या. अंगठा बटणावरून काढला.

"थांब, जरा दम खाऊ दे."

खुर्चीत बसल्या होत्या. बायका हसल्या. मावशी नाही हसल्या. दोन मोठे श्वास घेतले, भिंतीला टेकल्यासारखं खांद्याला जरा झुकवलं आणि पुन्हा बटण दाबलं. धाकटी माझ्याकडे बघत होती. ती वीस मिनिटांबद्दल पुन्हा काही बोलली नाही.

महादरवाज्यातून आत शिरल्या आणि वारा सुरू झाला. मावशींचा हात आपसूक वर गेला आणि खांद्यावरचा पदर हेडसेटवरून डोक्यावर ओढून घेतला. ओट्यावर पान हलत नव्हतं.

वर थोडा वेळ इकडे तिकडे बघत राहिल्या. मग मान डावीकडे वळली, परत आली, पुन्हा वळली.

"माझा दगड कुठाय?"

कुठला दगड?

"हंडा टेकवायचा. दरवाजातनं आलं की डाव्या अंगाला. बसका हाय, वर खळगा हाय बघ, त्यात हंडा बसायचा. तिथंच बसायची की मी."

डावीकडची ती जागा आम्ही घुमटावर रंगवली आहे. वाट तिकडे जात नाही, म्हणून फोटो घेतलेच नव्हते. चित्रात एक काळपट उंचवटा दिसतो, पण जवळ जाता येत नाही. मावशी दोनदा पुढे वाकल्या. दगड जवळ आला नाही.

हेडसेट काढल्यावर डोळे पुसले, कुंकू सारखं केलं, आणि आम्हाला चहा टाकायला सुनेला सांगितलं.

२१ फेब्रुवारी

दुरुस्त्या. बसलेल्या माणसाची उंची विचारायची पाटी सुरुवातीला. दम खायला थांबलेल्याला पुढे चला म्हणून सूचना देणारा तो टिकटिक आवाज काढून टाकायचा. देवडीतला थांबा वाढवायचा. जूनमध्ये पावसाचा आवाज आणि शक्य झालं तर हिरवा घुमट, तोच गड दुसऱ्या ऋतूत. केंद्रातली पुढची चाचणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. शिक्षिकाबाईंना आवर्जून बोलावायचं.

महादरवाज्याच्या आतली डावी बाजू तटापर्यंत घ्यायची. परवानगीच्या मुदतीत अजून नऊ दिवस आहेत. उद्या पहाटेची लोकल. मापपट्ट्या, रंगपट्टी, दोन जादा बॅटऱ्या, पांढरं कापड. खळग्यात माती साचलेली असणार. तिला हात लावायचा नाही. मावशींचा नातू वाडीच्या तोंडाशी सहाला उभा राहणार आहे. दगड त्याला माहीत आहे, लहानपणी तो हंड्याशेजारी तिथेच बसायचा.